बाळाचे ठोके १४०

चार वर्षांपूर्वी, आषाढातल्या एका रात्री वहिनीला ग्रामीण रुग्णालयातून जिल्ह्याच्या गावी हलवलं. सकाळपासून कळा येत होत्या आणि संध्याकाळनंतर पुढे काही सरकेना. सिस्टरनी चिठ्ठीवर दोन ओळी लिहून दिल्या : पहिलटकरीण, दिवस पूर्ण, प्रगती नाही, पुढील उपचारासाठी रवाना. खाली सही, शिक्का. १०८ मध्ये आई, वहिनी आणि मी. गाडी हलली तेव्हा पावणेबारा वाजले होते. हे पक्कं सांगता येतं, कारण दादा मुंबईहून निघाला होता आणि मी त्याला त्याच वेळी मेसेज केला होता. तो अजून माझ्या फोनमध्ये आहे.

जिल्ह्याच्या लेबर रूममध्ये एक तरुण डॉक्टर होती. तिने चिठ्ठी वाचली आणि आईला विचारायला लागली. पाणी कधी गेलं? स्वच्छ होतं की हिरवट? कळा वाढवायचं इंजेक्शन सलाइनमधून दिलं का, किती वाजता लावलं, कधी काढलं? शेवटची आतून तपासणी कधी झाली, तेव्हा गर्भपिशवीचं तोंड किती उघडलं होतं? ठोके शेवटचे कुणी ऐकले? आई म्हणाली, "सलाइन लावलं होतं बाई, पण त्यात काय होतं ते मी कसं सांगू?" डॉक्टरने चिठ्ठी उलटून पाहिली. मागची बाजू कोरी होती. मग तिने सगळं पहिल्यापासून सुरू केलं.

रात्री सव्वादोनला सिझर झालं. बाळ पाच दिवस नवजात शिशूंच्या अतिदक्षता कक्षात राहिलं आणि बरं होऊन घरी आलं. आता ती अंगणवाडीत जाते. आमची गोष्ट दुःखाची नाही, आणि म्हणूनच ती कुठल्याही समितीपुढे कधी गेली नाही.

दोन महिन्यांनी आम्ही पहिल्या रुग्णालयातून केस पेपरची झेरॉक्स मागून घेतली. त्यात दर अर्ध्या तासाचे बाळाचे ठोके लिहिले होते. १४०, १४०, १४२, १४०. रकाना सरळ खाली जात होता, एकही जागा रिकामी नव्हती. शेवटच्या दोन नोंदी रात्री बारा आणि साडेबाराच्या होत्या. दोन्ही १४०. त्या वेळी वहिनी माझ्या शेजारी, खड्ड्यांच्या रस्त्यावर, गाडीच्या कडेला घट्ट धरून आडवी होती.

त्या सिस्टरवर मला राग काढायचा नाही. त्या रात्री ती एकटी होती आणि आणखी दोन बायका कळा देत होत्या. तिने वहिनीचा हात धरला होता, पाणी पाजलं होतं, आईला धीर दिला होता. यातलं काहीच कागदावर नाही. कागदावर आहे ते घडलेलं नाही आणि जे घडलं ते कागदावर नाही. मला बोलायचंय ते याबद्दल. बाळंतपणाची नोंद हा उपचाराचाच भाग आहे, सलाइन आणि टाक्यांइतकाच. आपण मात्र तिला उपचार उरकल्यावर करायचं कारकुनी काम करून टाकलं आहे. त्यामुळे कागद भरलेले दिसतात आणि ज्या बाईसाठी ते भरायचे तिला त्यांचा उपयोग होत नाही.

पार्टोग्राफ नावाचा एक कागद असतो. बाळंतपणाचा आलेख. आडवे तास, उभं पिशवीचं तोंड किती सेंटिमीटर उघडलं ते. त्यावर दोन तिरक्या रेषा आधीच छापलेल्या असतात, पहिली सावध करणारी आणि दुसरी, चार तास उजवीकडे, कृती करायला लावणारी. बाईची रेघ पहिल्या रेषेच्या डावीकडे राहिली तर ठीक. ओलांडून उजवीकडे सरकली तर कुठेतरी अडतंय. तोंड उघडण्याचा आलेख अमेरिकेत फ्रीडमन यांनी १९५४ मध्ये मांडला होता, पण या दोन रेषा आल्या त्या १९७२ मध्ये, तेव्हाच्या ऱ्होडेशियातून, म्हणजे आजच्या झिम्बाब्वेतून. फिलपॉट आणि कासल या डॉक्टरांपुढचा प्रश्न आपल्या ओळखीचा होता. डॉक्टर मोजके, ते शहरातल्या मोठ्या रुग्णालयात, आणि बायका दूरच्या केंद्रांत सुईणींकडे. पुढे कधी पाठवायचं हे सुईणीने कसं ठरवायचं? फार लवकर पाठवलं तर मोठं रुग्णालय भरून जातं, उशीर झाला तर वाटेतच घात होतो. सावधतेची रेषा ओलांडली की गाडी काढायची आणि चार तासांची दुसरी रेषा गाठायच्या आत बाई मोठ्या रुग्णालयात पोचायची, असा त्यामागचा हिशेब होता. त्या चार तासांत रस्त्याचं अंतर धरलेलं आहे.

म्हणजे हा कागद मुळात रेफर करण्यासाठी जन्मला. आणि आमच्या वहिनीला रेफर करताना तोच सोबत दिला नाही. तिच्या केस पेपरात पार्टोग्राफ होता; रेघ सावधतेच्या रेषेला अगदी चिकटून, एकाच उताराने वर गेलेली, पट्टीने आखल्यासारखी. खऱ्या बाळंतपणाची रेघ अशी नसते. ती रेंगाळते, एकदम चढते, पुन्हा थांबते. पट्टीसारखी सरळ रेघ दिसली की ती नंतर एका बैठकीत काढली आहे हे जाणत्या माणसाला लगेच कळतं.

तसंच त्या १४० चं. पोटातल्या बाळाचे ठोके मिनिटाला ११० ते १६० असावेत असं मानतात. १४० हा आकडा मधोमध सुरक्षित बसतो, कुणी प्रश्न विचारत नाही. रक्तदाब १२०/८०, नाडी ८०, हिमोग्लोबिन १०. आपल्या गरोदर बायकांची कार्डं उघडून पाहा, हे आकडे पुन्हा पुन्हा भेटतील. माणसाचं शरीर इतकं एकसारखं वागत नाही. गरोदरपणात वाढणारा रक्तदाब तर बहुतेकदा गुपचूप वाढतो, बाईला काही जाणवत नाही, आणि त्याची मुख्य खूण म्हणजे मागच्या महिन्याच्या आकड्यापेक्षा या महिन्याचा वर गेलेला आकडा. मागचा अंदाजाने लिहिला असेल तर या महिन्याचा खरा आकडाही मुका होतो.

हे असं का होतं याचं सोपं उत्तर आळस, बेपर्वाई असं दिलं जातं. मला ते पटत नाही, कारण मी त्याचा हिशेब मांडून पाहिला आहे. जोरात कळा सुरू झालेल्या बाईचे दर अर्ध्या तासाला ठोके ऐकायचे, कळ ओसरल्यावर पूर्ण एक मिनिट. नाडी मोजायची. कळा मोजायच्या, म्हणजे पोटावर हात ठेवून दहा मिनिटांत किती आल्या आणि प्रत्येक किती सेकंद टिकली. एका बाईला मिळून किमान बारा मिनिटं. अशा तीन बायका असतील तर छत्तीस मिनिटांचं काम अर्ध्या तासात करायचं. यात एकही बाळंत होत नाही, कुणाचा रक्तस्राव होत नाही, फोन वाजत नाही, नातेवाईक दारात येत नाहीत आणि सिस्टर लघवीलाही जात नाही असं धरलं आहे. म्हणजे तीन बायकांमागे एक सिस्टर दिली त्याच क्षणी खोटी नोंद ठरून गेली. ती कुणाच्या स्वभावातून आलेली नाही, ड्युटीच्या तक्त्यातून आली आहे.

आणि रिकामा रकाना चालत नाही. केंद्र सरकारने डिसेंबर २०१७ मध्ये 'लक्ष्य' हा कार्यक्रम सुरू केला, लेबर रूमचा दर्जा सुधारण्यासाठी. उद्देश उत्तम होता आणि त्याने पुष्कळ ठिकाणी खरंच बदल घडवला. पडदे आले, स्वच्छता आली, सोबतीला आईला किंवा बहिणीला आत थांबू द्यायला लागले. पण मूल्यांकनाला येणारा माणूस बाळंतपणं पाहायला मुक्कामी राहू शकत नाही. तो फायली पाहतो. फाइल भरलेली असेल तर गुण, रिकामी असेल तर गुण गेले. ज्या सिस्टरने प्रामाणिकपणे लिहिलं, "रात्री १ ते २.३० तपासता आलं नाही, दुसऱ्या रुग्णास रक्तस्राव", तिचे गुण जातील. जिने १४० लिहिलं तिचे जाणार नाहीत. अशा तपासणीतून लोक काय शिकतात ते सांगायला नको. माझं म्हणणं आहे की "तपासता आलं नाही" या तीन शब्दांसाठी प्रत्येक रकान्यात अधिकृत जागा हवी आणि ते लिहिणाऱ्याला शाबासकी हवी. महिन्याभराच्या फायलींत ते तीन शब्द कुठे, कोणत्या पाळीत जास्त येतात ते पाहिलं की रात्रपाळीला किती माणसं कमी आहेत याचा त्याहून भक्कम पुरावा मागायला नको. आज तो पुरावा आपण स्वतःच १४० लिहून पुसून टाकतो.

मोजणं आणि अंदाज यांत किती फरक पडतो याचं एक उदाहरण आपल्या शेजारचंच आहे, बेळगावचं. बाळंतपणानंतर किती रक्त गेलं हे जगभर नजरेने ठरवत आले आहेत. केस पेपरवर "अंदाजे २०० मिली" असं असतं. बेळगावच्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयातल्या डॉक्टरांनी अमेरिकेतल्या सहकाऱ्यांबरोबर एक साधी वस्तू तयार केली : बाळंतिणीच्या खाली अंथरायची प्लास्टिकची चादर, तिला खाली निमुळती पिशवी, पिशवीवर मिलिलिटरच्या खुणा. तिने मोजल्यावर दिसलं की नजरेचा अंदाज खऱ्यापेक्षा सुमारे एक तृतीयांशाने कमी असतो. तिथल्याच खेड्यांत १,६२० बायकांवर झालेला मिसोप्रोस्टॉल या गोळीचा अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. गोळीने अतिरक्तस्राव जवळपास निम्म्यावर आणला. हे छातीठोकपणे सांगता आलं, कारण रक्त मोजलेलं होतं.

पुढे अशीच चादर घेऊन केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानियातल्या ८० रुग्णालयांत 'ई-मोटिव्ह' नावाचा मोठा अभ्यास झाला. तो २०२३ मध्ये आला. नेहमीच्या पद्धतीत अतिरक्तस्राव झालेल्या बायकांपैकी जेमतेम ५१ टक्के वेळेवर ओळखल्या गेल्या. जिथे चादर होती, दर पंधरा मिनिटांनी नोंद होती आणि सगळे उपचार एकदम सुरू करायची शिस्त होती तिथे ९३ टक्के. गंभीर रक्तस्राव, त्यासाठीची शस्त्रक्रिया किंवा मृत्यू यांचं एकत्रित प्रमाण ६० टक्क्यांनी खाली आलं. नोंद आणि उपचार यांच्यामध्ये भिंत नाही हे मला याहून चांगल्या रीतीने सांगता येणार नाही. पिशवीवरची खूण वाचून लिहिणं आणि इंजेक्शनसाठी हात पुढे करणं ही एकाच हालचालीची दोन टोकं आहेत.

आता यावर जाणकार एक आक्षेप घेतात, तो टाळून पुढे जाणं बरोबर नाही. ते म्हणतात, कागदाने बायका वाचतात हे सिद्ध कुठे झालंय? उत्तर प्रदेशात १२० आरोग्य केंद्रांत सुरक्षित प्रसूतीच्या तपासणी यादीचा मोठा अभ्यास झाला. नेतृत्व अमेरिकेतले सर्जन आणि लेखक अतुल गवांदे यांच्या संस्थेचं होतं. निकाल २०१७ मध्ये आला. यादी आणि प्रशिक्षक मिळालेल्या केंद्रांत आवश्यक गोष्टी पाळण्याचं प्रमाण दोन महिन्यांनी ७३ टक्के होतं, इतरत्र ४२ टक्के. पण माता-बालमृत्यू आणि गंभीर आजार यांत फरक पडला नाही. दोन्हीकडे १५ टक्क्यांच्या आसपासच. पार्टोग्राफबद्दलही असंच दुमत आहे. जागतिक आरोग्य संघटनेने इंडोनेशिया, मलेशिया आणि थायलंडमध्ये ३५,००० हून जास्त बाळंतपणांवर केलेल्या अभ्यासात, १९९४ साली, लांबलेल्या बाळंतपणांचं प्रमाण ६.४ वरून ३.४ टक्क्यांवर आलं होतं. नंतरच्या आढाव्यांना सरसकट वापराचा स्पष्ट फायदा दिसला नाही.

मला हे आकडे नाकारायचे नाहीत. कागद एकटा कुणाला वाचवत नाही. रेषा ओलांडली हे दिसलं आणि पुढे भूलतज्ज्ञ नाही, रक्तपेढी नाही, गाडी नाही, तर दिसून काय उपयोग? पण यातून "मग नोंदी कशाला" असा निष्कर्ष काढणं मला धोक्याचं वाटतं. उलट उत्तर प्रदेशातल्या बायकांना फरक पडला नाही हे आपल्याला कळलं तेच मुळी दीड लाखाहून अधिक बाळंतपणांची नीट नोंद ठेवली म्हणून. शास्त्र चुका सुधारतं तेही असंच. तासाला एक सेंटिमीटर तोंड उघडायलाच हवं हा जुना नियम जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये सैल केला. त्यामागे नायजेरिया आणि युगांडातल्या जवळपास १०,००० बायकांच्या बारकाईच्या नोंदी होत्या. पुष्कळ बायकांचं बाळंतपण त्याहून हळू चालतं आणि तरी सुखरूप होतं असं त्यांत दिसलं. २०२० चा नवा आलेख म्हणूनच पाच सेंटिमीटरपासून सुरू होतो. आपल्याकडच्या पट्टीने आखलेल्या लाखो रेघांमधून असं काही शिकता येईल का? त्या रेघा फक्त छापलेली रेषा परत दाखवतात.

आपल्याकडे नोंद नीट होऊच शकत नाही, बायका कमी शिकलेल्या, कर्मचारी कमी, असं जे म्हणतात त्यांना गडचिरोली दाखवायला हवं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने ३९ गावांत थोडंफार शिकलेल्या गावच्याच बायकांना शिकवलं. घरी जाऊन बाळाचं वजन करायचं, तापमान घ्यायचं, श्वास मोजायचे, लिहायचं आणि त्या लिहिलेल्यावरून जंतुसंसर्ग ओळखून उपचार करायचा. १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या निबंधानुसार तिसऱ्या वर्षी त्या गावांतला नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी कमी झाला होता. त्या बायकांच्या नोंदी विश्वासार्ह का होत्या, यावर मी खूप विचार केला आहे. मला वाटतं, लिहिणारी आणि लिहिलेलं वापरणारी एकच होती. काल बाळाचं वजन किती होतं हे तिला आज हवं असायचं. लेबर रूममधली सिस्टर मात्र स्वतःला कधीच लागणार नाही असा मजकूर कुणा तिसऱ्यासाठी लिहिते.

संगणकाने हे सुटेल असं मानणाऱ्यांनी प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या एएनएमबरोबर, म्हणजे गावोगाव फिरणाऱ्या सहायक परिचारिकेबरोबर, एक दिवस काढावा. २००९ नंतर माता-बाल नोंदणीची ऑनलाइन व्यवस्था आली, पुढे प्रजनन व बाल आरोग्याचं आरसीएच पोर्टल आलं, टॅबसाठी 'अनमोल' हे ॲप आलं. वही मात्र कुणी बंद केली नाही. दिवसभर रजिस्टरमध्ये आणि बाईच्या माता-बाल संरक्षण कार्डावर लिहायचं, संध्याकाळी रेंज शोधून तेच पुन्हा टॅबमध्ये भरायचं. दोनदा भरताना आकडे बदलतात, आणि जो आकडा नसेल त्याच्याशिवाय पुढचं पान उघडत नाही, म्हणून तिथे काहीतरी टाकलं जातं. मोठ्या खासगी रुग्णालयांत मागच्या वेळचा मजकूर जसाच्या तसा चिकटवलेला दिसतो. संगणक वाईट नाही. पण एक नोंद एकदाच, आणि जिथे घडलं तिथेच, हा नियम आधी यायला हवा, यंत्र त्यानंतर.

शहरातल्या, बऱ्या पगाराच्या वाचकाला हे सगळं खेड्यातल्या सरकारी दवाखान्याचं दुखणं वाटत असेल, म्हणून सिझरबद्दल थोडं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या सरकारी रुग्णालयांत १४.३ टक्के बाळंतपणं सिझरने झाली, खासगीत ४७.४ टक्के. महाराष्ट्रात सगळी मिळून २५.४ टक्के. यातली किती गरजेची होती? त्यावर दिवाणखान्यात आणि समाजमाध्यमांवर तावातावाने वाद होतात आणि कुणाकडेही उत्तर नसतं. उत्तर काढायची रीत आहे. मायकल रॉबसन यांनी २००१ मध्ये बाळंतपणांचे दहा गट पाडले. बाईचं कितवं बाळंतपण, आधी सिझर झालंय का, कळा आपोआप सुरू झाल्या की करवल्या, किती आठवडे भरले, बाळ डोक्याकडून आहे का, एक की जुळी, एवढ्या सहा गोष्टी नोंदवल्या की प्रत्येक बाई कुठल्यातरी एका गटात बसते आणि दोन रुग्णालयांची रास्त तुलना करता येते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ पासून हीच रीत वापरायला सांगितलं आहे. सहा गोष्टी. हॉटेलात खोली घेताना याहून जास्त माहिती लिहून घेतात. तरी डिस्चार्ज कार्डावर असतं फक्त "बाळ गुदमरल्यामुळे तातडीचे सिझर", आणि गुदमरलं हे कशावरून, ठोके किती झाले, किती वेळ, याचा पत्ता नसतो. चांगल्या डॉक्टरलाही स्वतःची बाजू सिद्ध करता येत नाही आणि पैशासाठी पोट फाडणाराही त्याच शब्दांमागे लपतो.

डॉक्टरांची भीती मला समजते. सगळं खरं लिहिलं तर उद्या तोच कागद कोर्टात माझ्याविरुद्ध उभा राहील, किंवा त्याआधीच नातेवाईक काचा फोडतील. महाराष्ट्राला रुग्णालयांवरच्या हल्ल्यांविरुद्ध २०१० मध्ये वेगळा कायदा करावा लागला, म्हणजे भीती काल्पनिक नाही. खरं लिहिण्याची किंमत मोजलेला एक डॉक्टर तर दोनशे वर्षांहून जुना आहे. स्कॉटलंडमधल्या अ‍ॅबरडीनला बाळंतरोगाची, म्हणजे बाळंतिणींना येणाऱ्या जीवघेण्या तापाची, साथ आली तेव्हा अलेक्झांडर गॉर्डन यांनी ७७ बायकांचा तक्ता केला, प्रत्येकीपुढे तिचं बाळंतपण कुणी केलं त्याचं नाव लिहिलं आणि १७९५ मध्ये छापला. त्यातून उघड झालं की रोग बाळंतपण करणाऱ्यांच्या हातून एका घरातून दुसऱ्या घरात जातो. त्या तक्त्यात गॉर्डन यांचं स्वतःचंही नाव होतं, आणि हा रोग अनेक बायकांपर्यंत आपणच नेला हे त्यांनी लिहून ठेवलं. गाव त्यांच्यावर उलटलं, त्यांना तिथून जावं लागलं. व्हिएन्नात झेमेलवाइसने हात धुवायला लावण्याच्या अर्धशतक आधीची ही गोष्ट. गॉर्डन यांनी नावांचा रकाना रिकामा ठेवला असता तर ते सुखाने राहिले असते.

माता मृत्यू अन्वेषण आपल्याकडे २०१० पासून देशभर होतं. त्याच्या सूचनांमध्येच आहे की हेतू दोषी शोधण्याचा नाही, त्रुटी शोधण्याचा आहे. प्रत्यक्षात मृत्यू झाल्यावर पहिली धावपळ कागद नीट करण्याची होते, कारण बैठकीत पुढचं वाक्य "जबाबदार कोण" हेच असेल हे सगळ्यांना ठाऊक असतं. म्हणून माझा आग्रह आहे की अन्वेषण मृत्यूपाशी थांबू नये. मरणाच्या दारातून परतलेल्या बायकांचा आढावा घेण्याच्या सूचना केंद्राने २०१४ मध्येच काढल्या आहेत. तिथे बाई जिवंत असते, स्वतः बोलू शकते, नातेवाईक सूडाने पेटलेले नसतात, आणि सिस्टरला खरं सांगायला भीती कमी वाटते. वहिनी त्या मोजमापात बसेल की नाही, मला सांगता येणार नाही; पण अर्धवट चिठ्ठीने वेळ कसा खाल्ला हे शिकायला तिच्याइतकी चांगली केस कुठली असेल?

आणि कागद बाईच्या हातात पडले पाहिजेत. मागितल्यावर ७२ तासांत नोंदींच्या प्रती द्याव्यात असं वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांत आहे. मुंबई उच्च न्यायालयाने त्याआधी, १९९६ मध्येच रुग्णाचा हा हक्क मान्य केला होता. आम्हाला त्या झेरॉक्ससाठी चार खेपा घालाव्या लागल्या, तेही दादा शिकलेला आणि चिवट म्हणून. हक्क मागायला लागू नये. घरी जाताना पार्टोग्राफची प्रत आणि सिझरची टिपणी माता-बाल संरक्षण कार्डाला टाचून द्यावी, बस. इंग्लंडमध्ये गरोदर बायका आपली फाइल वर्षानुवर्षं स्वतःजवळ बाळगत आल्या. आपल्या बायकाही तो पिवळा-गुलाबी कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून, साडीच्या घडीत जपून ठेवतात, रेशनकार्डाच्या शेजारी. त्या हरवत नाहीत. आपणच त्यावर काही लिहीत नाही. रेफर करताना तर गाडी एक मिनिटही थांबवू नये, पण पार्टोग्राफचा फोटो पुढच्या लेबर रूमच्या फोनवर पाठवायला तेवढाही वेळ लागत नाही. त्यासाठी प्रत्येक लेबर रूमला रुग्णालयाचा स्वतःचा, जबाबदारीचा फोन द्यावा, सिस्टरच्या खासगी नंबरवर हे चालू नये.

गेल्या दिवाळीत वहिनीला पुन्हा दिवस गेले. या वेळी बाळंतपण नैसर्गिक व्हावं अशी तिची फार इच्छा होती. डॉक्टर समजूतदार होत्या, म्हणाल्या, प्रयत्न करू शकतो, पण आधी सांगा, मागच्या वेळी सिझर नेमकं का झालं? तोंड किती उघडलं होतं? गर्भपिशवीवरचा छेद आडवा की उभा? छेद उभा असेल तर कळांच्या जोराने पिशवी फाटायचा धोका फार वाढतो, म्हणून हे कळल्याशिवाय पुढे जाता येत नाही, असं त्यांनी समजावून सांगितलं. वहिनीने प्लास्टिकच्या पिशवीतून डिस्चार्ज कार्ड काढलं. त्यावर लिहिलं होतं "सिझर. माता व बालक सुखरूप." जिल्ह्याच्या रुग्णालयात दादा जाऊन आला, नियमाप्रमाणे कागद तीन वर्षं ठेवतात, चौथ्या वर्षीचा गठ्ठा सापडला नाही. पहिल्या रुग्णालयाची झेरॉक्स आमच्याकडे होती. डॉक्टरांनी ती नीट वाचली, ठोक्यांच्या रकान्यावरून बोट खाली नेलं आणि कागद परत दिला. मग कॅलेंडर पाहून त्यांनी सिझरची तारीख दिली.